साक्ष मीटरांत मोजता येते काय?

क्रीडाक्षेत्रातील विक्रमांचे आयुष्य सहसा थोडे असते. आज एकाने रचावा आणि उद्या दुसऱ्याने मोडावा, ही त्यांची रीतच आहे. असे असता ७ ऑगस्ट १९९५ रोजी स्वीडनमधील गोथेनबर्ग शहरी जोनाथन एडवर्ड्‌स या इंग्रज खेळाडूने तिहेरी उडीत नोंदविलेला १८.२९ मीटरांचा जागतिक विक्रम तीस वर्षे उलटली तरी अबाधित आहे. २०१५ साली बेजिंग येथे अमेरिकेच्या ख्रिश्चन टेलर यांनी १८.२१ मीटर आणि २०२४ साली रोम येथे स्पेनच्या जॉर्डन डियाझ यांनी १८.१८ मीटर उडी घेतली. ते विक्रमाच्या निकट आले, पण त्याला ओलांडू शकले नाहीत.

तथापि या लेखाचा विषय विक्रम हा नाही. ज्या काळात एडवर्ड्‌स यांचे नाव जगभर गाजले त्या काळात त्यांच्या उडीइतकाच त्यांचा ख्रिस्ती विश्वासही गाजला होता. रविवारी मैदानात न उतरणारा खेळाडू म्हणून त्यांची पहिली ओळख झाली. पुढे ख्रिस्तासाठी जाहीर साक्ष देणारा विश्वविजेता म्हणून मंडळ्यांनी त्यांना डोक्यावर घेतले. आणि २००७ साली याच एडवर्ड्‌स यांनी आपण यापुढे देवावर विश्वास ठेवीत नाही, असे वृत्तपत्रांतून प्रांजळपणे सांगितले. विक्रम राहिला, विश्वास गेला. तर मग त्या साक्षीचे काय झाले? ती खोटी ठरली काय? की तिच्यावर आपले मत बांधणाऱ्यांनीच काही भलते मोजले होते? हा प्रश्न एका परदेशी खेळाडूपुरता नाही. ज्या ज्या ठिकाणी विश्वासाची साक्ष यशाच्या साक्षीशी जोडली जाते त्या प्रत्येक ठिकाणी तो उभा राहतो.

प्रथम माणूस समजून घेऊ. एडवर्ड्‌स यांचा जन्म १९६६ सालचा. वडील अँग्लिकन मंडळीचे धर्मगुरू. बालपण इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडील डेव्हन परगण्यात गेले आणि डरहॅम विद्यापीठात त्यांनी भौतिकशास्त्राचे शिक्षण घेतले. घरातील वातावरण भक्तीचे होते व प्रभूचा दिवस हा विसाव्याचा आणि उपासनेचा दिवस, ही शिकवण त्यांच्या मनात खोल रुजलेली होती. १९८८ साली सोल ऑलिंपिकसाठी ब्रिटिश संघाची निवडचाचणी झाली ती रविवारी. एडवर्ड्‌स तेथे उतरले नाहीत. तरीही त्यांची निवड झाली. मात्र सोल येथे ते अंतिम फेरी गाठू शकले नाहीत. १९९१ साली टोकियो येथे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा होत्या. तिहेरी उडीची पात्रता फेरी रविवारी आली आणि एडवर्ड्‌स यांनी त्या स्पर्धेवरच पाणी सोडले. खेळाडूची उमेदीची वर्षे किती थोडी असतात हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या त्यागाची किंमत समजेल. त्या वेळी ते विश्वविजेते नव्हते. त्यांच्या नकाराने वृत्तपत्रांचे रकाने थोडेफार भरले असतील, पण त्यांच्या पदरी एकही पदक पडले नाही. पुढच्याच वर्षी बार्सिलोना ऑलिंपिकमध्येही अंतिम फेरी त्यांना लाभली नाही.

१९९३ साली त्यांनी आपला निर्णय बदलला. देवाने दिलेल्या गुणाचा उपयोग करणे हीही उपासनाच होय आणि मैदान हेच आपल्या साक्षीचे स्थान आहे, अशी त्यांची खात्री झाली, व ते रविवारीही उडी घेऊ लागले. त्याच वर्षी श्टुटगार्ट येथील जागतिक स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळाले. १९९४ साली एका विषाणूजन्य आजाराने त्यांना ग्रासले. त्यानंतर आले १९९५ हे वर्ष.

तिहेरी उडी ही दिसते तितकी सोपी गोष्ट नव्हे. खेळाडू वेगाने धावत येऊन एका फळीवरून झेप घेतो, आणि ज्या पायाने उडाला त्याच पायावर उतरतो. आपल्याकडील लंगडीसारखा हा पहिला टप्पा. तेथून दुसऱ्या पायावर एक लांब ढांग आणि अखेर वाळूच्या हौदात उडी. प्रत्येक वेळी जमिनीवर पाय टेकताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार एका पायावर येतो आणि धावण्यातून मिळविलेला वेग त्या आघातात गळू लागतो. पहिल्याच झेपेत उंची गाठण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याची पुढची ढांग आखूड पडते. एडवर्ड्‌स यांचे वैशिष्ट्य असे, की तळ्याच्या पाण्यावर चपटा दगड फेकला असता तो जसा सपाट टप्पे घेत जातो तशी त्यांची उडी जमिनीलगत जाई आणि वेग शेवटपर्यंत शिल्लक राही. गोथेनबर्गच्या त्या उडीत त्यांचे तीन टप्पे अनुक्रमे ६.०५, ५.२२ आणि ७.०२ मीटरांचे होते. सर्वांत लांब टप्पा अखेरचा.

त्या उन्हाळ्यात त्यांना कोणीही हरवू शकले नाही. १८ जुलै रोजी स्पेनमधील सालामांका येथे १७.९८ मीटर उडी घेऊन त्यांनी अमेरिकेच्या विली बँक्स यांचा १९८५ पासूनचा १७.९७ मीटरांचा विक्रम मोडला. गोथेनबर्गला पहिल्याच प्रयत्नात १८.१६ आणि दुसऱ्या प्रयत्नात १८.२९ मीटर. अठरा मीटरांची सीमा नियमांच्या चौकटीत राहून ओलांडणारे ते पहिले मानव ठरले. त्यानंतर १९९६ साली ॲटलांटा ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक, २००० साली सिडनी येथे १७.७१ मीटर उडीसह सुवर्णपदक, २००१ साली एडमंटन येथे पुन्हा जागतिक अजिंक्यपद आणि २००२ साली मँचेस्टर येथे राष्ट्रकुल सुवर्ण, अशी त्यांची कारकीर्द फुलत गेली. सिडनीच्या अंतिम फेरीस जाताना त्यांच्या पिशवीत तारली माशांचा एक हवाबंद डबा होता. पाच भाकरी व दोन मासे यांनी प्रभूने पाच हजारांस तृप्त केले त्याचे ते स्मरण होते. २००३ साली त्यांनी निवृत्ती पत्करली. पुढे बीबीसी दूरचित्रवाणीवरील स्तोत्रगायनाच्या ‘साँग्ज ऑफ प्रेज’ या कार्यक्रमाचे निवेदक म्हणूनही ते घरोघरी परिचित झाले. ते काम त्यांनी २००७ साली सोडले आणि त्याच वर्षी आपल्या मनातील बदल जगासमोर ठेवला.

एका हिशेबाची परीक्षा

एडवर्ड्‌स यांच्या वैभवाच्या काळात अनेक व्यासपीठांवरून जो हिशेब मांडला गेला तो साधारणतः असा होता: या तरुणाने देवाचा मान राखला, म्हणून देवाने त्याचा मान राखला. ऐकावयास हे वाक्य गोड आहे. पण ते तपासून पाहिले पाहिजे.

ज्या वर्षांत एडवर्ड्‌स रविवार कटाक्षाने पाळीत होते त्या वर्षांत त्यांना ऑलिंपिकची अंतिम फेरीदेखील मिळाली नाही. रविवारी उतरण्याचा निर्णय घेतला त्याच वर्षी पहिले जागतिक पदक हाती आले. त्यांच्या आयुष्यातील सर्वांत लांब उडी १८.४३ मीटरांची. ती २५ जून १९९५ रोजी फ्रान्समधील लील येथे त्यांनी घेतली; पाठीमागून येणारा वारा सेकंदाला दोन मीटर या मर्यादेहून किंचित अधिक असल्याने ती विक्रम म्हणून नोंदली गेली नाही, इतकेच. आणि २५ जून १९९५ हा दिवस रविवार होता. आता ‘देवाने मान राखला’ हा हिशेब कसा जुळवावयाचा? रविवार पाळला तेव्हा अपयश आणि मोडला तेव्हा यश, असे आकडे मांडून कोणी नास्तिक आपणांस चिडवू लागला तर आपणापाशी उत्तर काय? उत्तर एकच, की हा हिशेबच मुळात ख्रिस्ती नाही.

ईयोबाच्या मित्रांनी हाच हिशेब मांडला होता. तुझ्यावर आपत्ती आली त्याअर्थी तू पाप केले असशील, हे त्यांचे तर्कशास्त्र; आणि त्या ग्रंथाच्या अखेरीस देवाने त्यांनाच दोषी ठरविले. जन्मांध मनुष्य पाहून शिष्यांनी विचारले, पाप कोणाचे? प्रभूने तो प्रश्नच नाकारला. मग दुःखाच्या बाबतीत जे तर्कशास्त्र प्रभूने बाजूस सारले ते सुखाच्या बाबतीत आपण कवटाळून का बसावे?

आपल्याच देशातील एक उदाहरण पाहा. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हेन्री रिबेलो हा एकोणीस वर्षांचा भारतीय तरुण तिहेरी उडीच्या अंतिम फेरीत पोहोचला होता. त्याच्याकडून पदकाची आशा बाळगली जात होती. त्याची पाळी आली त्याच वेळी दुसऱ्या एका स्पर्धेच्या पदकवितरणामुळे त्याला थांबावे लागले. थंड हवेत अंग गार झाले, आणि पहिल्याच उडीत मांडीचा स्नायू फाटला. स्पर्धा तेथेच संपली. या तरुणाने देवाचा कोणता अपमान केला होता? कोणताच नाही. तो केवळ एका थंड दिवशी थोडा वेळ अधिक उभा राहिला. यश हा देवाच्या प्रसन्नतेचा पुरावा मानला तर असे सारे रिबेलो आपल्या दृष्टीने शापित ठरतात. आणि मंडळीच्या बाकांवर बसणाऱ्यांत त्यांचीच संख्या मोठी असते.

बाबेलच्या तप्त भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या शद्रख, मेशख व अबेद्‌नगो यांनी राजाला दिलेले उत्तर या बाबतीत कसोटीचा दगड आहे. आमचा देव आम्हांला सोडवावयास समर्थ आहे, पण त्याने सोडविले नाही तरी आम्ही तुझ्या मूर्तीपुढे वाकणार नाही, असा त्या उत्तराचा आशय आहे. साक्ष पुरी झाली ती भट्टीतून बाहेर आल्यावर नव्हे. भट्टीत पडण्यापूर्वीच ती पुरी झाली होती. त्या न्यायाने एडवर्ड्‌स यांची निर्मळ साक्ष गोथेनबर्गची नव्हे, ती टोकियोची. जेथे ते गेलेच नाहीत, जेथे त्यांच्या नावापुढे कोणताही आकडा नाही, तेथे ती दिली गेली. जग मोजते ते वाळूतील खुणेपर्यंतचे अंतर. न घेतलेली उडी मोजण्याची फीत जगापाशी नाही.

लिडेल यांचे दोन रविवार

या संदर्भात एरिक लिडेल यांचे नाव निघणे अपरिहार्य आहे. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटर शर्यतीची प्राथमिक फेरी रविवारी असल्याने या स्कॉटिश धावपटूने ती सोडली आणि चारशे मीटर शर्यत ४७.६ सेकंदांत जिंकली. १९८१ च्या ‘चॅरियट्स ऑफ फायर’ या चित्रपटामुळे ही कथा जगभर पसरली. परंतु ती कथा पुष्कळदा सुवर्णपदकापाशीच थांबविली जाते, जणू रविवार पाळल्याची ती पावतीच होती.

लिडेल यांचे खरे मोठेपण त्यानंतरचे आहे. ते मिशनरी होऊन चीनला गेले. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी त्यांना वेईशिएन येथील छावणीत स्थानबद्ध केले आणि तेथेच २१ फेब्रुवारी १९४५ रोजी मेंदूतील गाठीने त्यांचे निधन झाले. त्या छावणीत अनेक मुले आईबापांपासून दुरावलेली होती. रविवारी खेळ नकोत, असे लिडेल यांचे आरंभी मत होते. पण देखरेखीविना खेळताना मुलांची भांडणे जुंपू लागली, तेव्हा हेच लिडेल रविवारी पंच म्हणून मैदानात उभे राहिले. ज्याने स्वतःच्या गौरवासाठी रविवार मोडला नाही त्याने दुसऱ्यांच्या लेकरांसाठी तो मोडला. शब्बाथ दिवशी वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे करणाऱ्या प्रभूचे मन त्यांना कळले होते.

येथे रविवारच्या प्रश्नाचेही उत्तर सापडते. प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात दिवस मानणारा आणि न मानणारा या दोघांनाही एकच अट घातली आहे: प्रत्येकाची स्वतःच्या मनात पुरती खात्री असावी आणि जे करावयाचे ते प्रभूकरिता करावे. आज नोकरभरतीच्या व प्रवेशाच्या कितीतरी परीक्षा रविवारी होतात. रुग्णालयांतील परिचारिका, रेल्वेतील कर्मचारी यांना रविवारची पाळी चुकत नाही. परीक्षेस बसणाऱ्या मुलीला अविश्वासू म्हणणे जितके गैर तितकेच ती सोडणाऱ्या मुलाला वेडा म्हणणेही गैर. आपण विचारावयाचे ते इतकेच, की हा निर्णय कोणासाठी घेतला?

विश्वास कशासाठी?

आता अधिक कठीण भागाकडे वळू. विश्वास सोडल्यानंतर एडवर्ड्‌स यांनी मागे वळून पाहताना सांगितले, की खेळाडू या नात्याने देवावरील श्रद्धेचा त्यांना मोठा मानसिक आधार झाला होता. निकाल देवाच्या हाती आहे असे मानले की पराभवाचे भय उरत नाही. खेळ संपला, आयुष्यभराची ओळख गळून पडली, आणि मग इतर गोष्टींविषयीही मनात प्रश्न उठू लागले.

हे निवेदन वाचून अनेक विश्वासणारे दुखावले. काहींनी योहानाच्या पहिल्या पत्राचा आधार घेऊन म्हटले, की जो निघून गेला तो मुळी आपला नव्हताच. हे उत्तर सोयीचे आहे, कारण त्यामुळे आपणांस काहीच विचार करावा लागत नाही. पण ज्याने ऐन तारुण्यात जागतिक स्पर्धा सोडून दिली त्याच्या त्या वेळच्या निष्ठेला ढोंग कसे म्हणावे? मनुष्याचे अंतःकरण देव जाणतो. तो अधिकार आपण आपल्याकडे घेऊ नये. एडवर्ड्‌स तेव्हा प्रामाणिक होते आणि नंतरही प्रामाणिक राहिले. स्तोत्रांच्या कार्यक्रमात मान होता, ओळख होती. ओठांवर विश्वास ठेवून मनाने रिकामे राहणे त्यांना अवघड नव्हते. तसे जगणारे सर्वत्र आहेत. त्यांनी ते केले नाही. त्यांच्या निष्कर्षाशी आपण सहमत नाही. ख्रिस्त उठला आहे, ही आपली खात्री कोणा खेळाडूच्या खात्रीवर उभी नव्हती आणि नाही. पण प्रामाणिक नकाराचा मान राखणे म्हणजे त्या नकाराशी सहमत होणे नव्हे. थोमाने आपला संशय लपविला नाही, आणि प्रभूने त्याला आपले घाय दाखविले.

या निवेदनातून खरा प्रश्न उलटून आपणांकडेच येतो. आपण विश्वासाची ओळख कशी करून देतो? प्रार्थना कर, परीक्षेत यश येईल. दशांश दे, धंदा वाढेल. उपास कर, आजार जाईल. अशा साक्षी सभांतून ऐकू येतात व टाळ्या घेतात. ज्या वस्तूची शिफारस उपयोगासाठी केली जाते ती उपयोग संपताच अडगळ होते. विश्वासाला मनोबल वाढविण्याचे साधन करून टाकले, तर कार्य संपल्यावर कोणी ते साधन खाली ठेविले म्हणून त्याला दोष कसा देता येईल? देव आपल्या धावण्याला बळ देतो हे खरे, परंतु देव म्हणजे धावण्याचे बळ नव्हे. धावणे थांबल्यावरही तो असतो, आणि कदाचित तेव्हाच तो प्रथम भेटतो.

प्रसिद्ध विश्वासणाऱ्यांशी आपण कसे वागतो, हाही विचार करण्याजोगा भाग आहे. एखादा तरुण खेळात, चित्रपटात अथवा शासनसेवेत नाव काढतो न काढतो तोच त्याला व्यासपीठावर बसविले जाते. त्याच्या यशाने आपल्या लहानशा समाजाचा मान वाढतो, हे स्वाभाविक आहे. परंतु आपला अभिमान वाहण्याचे ओझे आपण त्याच्या खांद्यावर ठेवितो आणि त्याचे मन कोणत्या प्रश्नांशी झुंजत आहे हे विचारावयास विसरतो. व्यासपीठावरील माणसाला शंका बोलून दाखविता येत नाही. त्याला शंभर निमंत्रणे येतात. शांतपणे ऐकून घेणारा एक पाळक मात्र मिळत नाही. अशा लोकांना पाळकीय सहवासाची गरज इतरांहून कमी नव्हे, अधिकच असते.

आणि जे निघून जातात त्यांचे काय? लूककृत शुभवर्तमानातील पित्याने धाकट्या मुलाची निंदा केली नाही, दारही लावून घेतले नाही. तो वाटेकडे पाहत राहिला. आपल्या मंडळ्यांतूनही शिकलेली, विचार करणारी मुले हळूहळू दूर जातात. ती शहरांत जातात, वाचतात, प्रश्न विचारतात, आणि एके दिवशी रविवारी घरीच राहतात. त्यांचा बाप्तिस्मा, त्यांनी बालवयात पाठ केलेली वचने, त्यांनी कधीकाळी केलेला लहानसा त्याग, हे सारे व्यर्थ होते असे म्हणण्याचा आपणांस अधिकार नाही. देवाला अर्पण केलेली गोष्ट अर्पण करणाऱ्याने विसरली तरी देव विसरत नाही.

म्हणून एडवर्ड्‌स यांच्या कारकिर्दीकडे पाहताना दोन टोके टाळावीत. १९९५ साली त्यांना देवाच्या अस्तित्वाचा पुरावा मानणे जितके चूक होते, तितकेच २००७ साली त्यांना त्या अस्तित्वाविरुद्धचा पुरावा मानणे चूक आहे. त्यांनी उडी किती लांब मारली हे क्रीडा अधिकाऱ्यांनी मोजले आणि ते मोजमाप अचूक आहे. टोकियोच्या त्या रविवारी त्यांनी काय दिले आणि ते कोणी स्वीकारले, हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यावर सोडावे. आपल्या वाट्याला आलेला प्रश्न लहान आहे, पण सोपा नाही: काहीही मिळणार नाही हे ठाऊक असूनही ज्याच्याकरिता सोडता येईल, असा प्रभू आपल्याला भेटला आहे काय?